तीन टाळीचं घरचोळं

माझ्या डाव्या हाताच्या करंगळीचं नख पाऊण इंच वाढलेलं आहे, आणि राजकोटच्या आमच्या शाळेत त्यावरून एकदा भर मीटिंगमध्ये चर्चा झालेली आहे. "रसीलाबेन, आपण मुलांना नखं कापायला सांगतो," मुख्याध्यापक म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, मुलांना कुठे घरचोळं बांधायचंय?" त्यांनी पुढचा विषय घेतला. शाळेच्या कारकुनाशी वाकडं घेऊन कुणाचं भलं झालेलं नाही, एवढं त्यांना कळतं.

आमच्याकडे नवरीला सासरहून घरचोळं जातं, लाल बांधणीची लग्नाची साडी. जरीच्या रेघांचे बावन्न चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात ठिपक्याठिपक्यांनी उठवलेला हत्ती, पोपट, कमळ नाहीतर पुतळी. आमच्या घरात ते सासू स्वतःच्या हातानं बांधते. माझ्या सासूबाईंनी माझं बांधलं. माझ्या मोठ्या जाऊबाई लाभुभाभी, त्यांनी त्यांच्या मोठ्या सुनेचं बांधलं. आता माझ्या जिगरचं लग्न ठरलं, तेव्हा पाळी माझी.

साखरपुड्यालाच लाभुभाभींनी सगळ्यांसमोर विषय काढला. "रसीला, तू कशाला त्रास घेतेस? सकाळी सहाला घर सोडतेस, रात्री जेवायला घरी. नोकरीवाल्यांनी दुकानातलं आणावं. मी एक बघून ठेवलंय, छान आहे."

"तुमच्या धाकट्याच्या बायकोला ठेवा," मी म्हटलं. "जिगरच्या बायकोचं मी बांधणार."

"कधी?"

"गाडीत."

सगळ्या हसल्या. हसायचंच होतं म्हणा. जामनगर ते राजकोट पावणेदोन तास, येताना पावणेदोन तास. अठरा वर्षं मी हे अप-डाऊन करते आहे. दिवसातले साडेतीन तास माझे स्वतःचे असे तेवढेच. घरी गाठोडं मांडीवर घेतलं की दाराची बेल तरी वाजते, कुकर तरी वाजतो, नाहीतर जिगरचे पप्पा तरी वाजतात.

पण गाडीत साडेतीन तास माझे आहेत असं मला वाटत होतं. डब्याला तसं वाटत नव्हतं.

आमचा महिलांचा डबा ज्यानं पाहिला नाही त्याला गोंगाट म्हणजे काय ते कळायचं नाही. अलियाबाडा स्टेशन येईपर्यंत खाण्याचे डबे उघडतात. जामवणथलीला कुणाच्या तरी सुनेची खबर निघते. हडमतियाला भजन, पडधरीला भांडण. वाढदिवस आठवड्याला दोन. आणि या सगळ्याच्या मधोमध मधुबेन. राजकोटच्या पोस्टात नोकरी, एकतीस वर्षांचा पास, आणि असा आवाज की इंजिनाच्या भोंग्यानं लाजावं. नवरात्रात त्या डब्यात गरबा गातात आणि प्लॅटफॉर्मवरचे लोक टाळ्या वाजवतात.

"रसीला, मान वर कर गं, मणका मोडेल!"

"रसीला, खमण घे."

"रसीला, ऐकलंस का, त्या टपाल-निरीक्षकानं काय केलं?"

बांधणीत ऐकायला जागा नसते. कापड चार घडीत असतं. नखानं ठिपका खालून वर उचलायचा, चारही पदर नखावर आले पाहिजेत, मग दोरा सात वेळा फिरवून आवळायचा. एक गाठ चुकली की चार ठिकाणी चुकते. वर गाडीचे धक्के वेगळे. पहिल्या महिन्यात मी जेवढ्या बांधल्या त्याच्या निम्म्या सोडल्या. कानात कापूस घातला, तर टीसीला वाटलं कान फुटलाय. दाराजवळ जाऊन बसले, तर दोऱ्याचं रीळ हडमतियाच्या शेतात गेलं. मग हळूहळू शरीर शिकलं. हापा सोडल्यावर रूळ बदलतात तिथे हात आपोआप थांबायला लागला. वळण कुठे, पूल कुठे, ते माझ्या करंगळीला माझ्याआधी कळायला लागलं. फक्त मधुबेनचा आवाज कधी कुठून येईल ते शेवटपर्यंत कळलं नाही.

घरचोळ्याला दोन खेपा असतात. आधी पांढऱ्या ठिपक्यांच्या गाठी बांधून कापड पिवळ्यात बुडवतात, मग पिवळ्या ठिपक्यांच्या गाठी बांधून लालमध्ये. पहिली खेप झाल्यावर मी गाठोडं ओसमाणभाईंकडे घेऊन गेले. तीन पिढ्यांचे रंगारी. जामनगरात लाल त्यांच्यासारखा कुणाचा उतरत नाही, आणि ते त्यांना चांगलं माहीत आहे.

त्यांनी गाठींवरून अंगठा फिरवला आणि कपाळाला आठी घातली. "कुठे बांधलंत, बेन?"

"गाडीत."

"वाटलंच. गाडीतली गाठ मी आंधळा झालो तरी ओळखीन. श्वास लागल्यासारखी असते. पांढरा ठिपका मोठा, तो निभावून जाईल. पिवळा मोहरीएवढा. तिथे सैल गाठ चालत नाही, लाल आत शिरतो. मग पुतळीला डोळे राहत नाहीत आणि हत्तीला पाय."

"मग बुडवणार नाही म्हणता?"

"बुडवीन. तुमच्या सासूबाईंचं बुडवलं होतं माझ्या वडिलांनी. पण वाईट आलं तर माझं नाव कुणाला सांगू नका." आणि मी जिना उतरताना वरून म्हणाले, "लालसाठी तीन महिन्यांनी, पहिल्या गुरुवारी संध्याकाळी आणा, आठच्या आत. त्या शुक्रवारपासून मी दीड महिना भुजला, मुलीकडे. लग्न त्याच्या आतच आहे ना?"

लग्न त्याच्या आतच होतं. म्हणजे तो गुरुवार चुकला की लाभुभाभीचं दुकानातलं घरचोळं माझ्या सुनेच्या अंगावर.

तो गुरुवार उजाडला तेव्हा बारा चौकोन झाले होते. चार घडीत बावन्नाचे तेरा होतात, त्यातला शेवटचा उरला होता, पुतळीचा. त्यातही घागरा आणि चेहरा. गुरुवारी सकाळी मी हिशेब मांडला: साडेतीनशे जाताना, साडेतीनशे येताना. जमण्यासारखं होतं. मी खिडकीत बसले, मान खाली घातली, आणि अलियाबाडा ते जामवणथली असा काही हात चालला की मलाच मजा वाटायला लागली.

त्या दिवशी मधुबेन रिटायर होत होत्या. हे मला माहीत होतं. वर्गणीसुद्धा दिली होती. कार्यक्रम संध्याकाळी होता, पण सकाळीच त्यांचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. घरून खमण करून आणलं होतं, मोठ्या डब्यात, सगळ्यांना पुरेल एवढं. त्या माझ्यापाशी आल्या आणि ताट थेट माझ्या मांडीवर ठेवायला गेल्या. मी कापड वाचवायला घाईनं वर उचललं. तेल लागलं नाही, देवाची कृपा. मी परत कामाला लागले.

पडधरी सुटल्यावर सहज घडी तपासली. कापड उचललं तेव्हा खालचा एक पदर सरकला होता. त्यानंतरच्या सगळ्या गाठी तीनच पदरांतून गेल्या होत्या. चौथी पुतळी कोरी. एकशे वीस गाठी, पुढे दीड वीत नुसता कचरा.

मला रडायला यायला हवं होतं, आला राग. "मधुबेन!" मी ओरडले. "तुमचं हे खाऊ घालणं आणि बडबडणं एक दिवस तरी बंद राहील का? एकतीस वर्षं डब्याचे कान खाल्लेत, आता तरी पुरे करा!"

डबा गप्प झाला. आमचा डबा गप्प झालेला मी अठरा वर्षांत ऐकला नव्हता. मधुबेननी हातातल्या ताटावर झाकण घातलं, पलीकडच्या खिडकीत जाऊन बसल्या आणि राजकोटला कुणासाठी न थांबता उतरून गेल्या.

दिवसभर शाळेत मी सोडवत बसले. दुपारच्या सुट्टीत, हजेरीपटाच्या आड, एकेक करून एकशे वीस गाठी सोडल्या. एका नव्या मास्तरीणबाईंनी विचारलं, "काय चुकलं?" मी म्हटलं, "तोंड." त्यांना काही कळलं नाही आणि मी समजावलं नाही.

संध्याकाळच्या गाडीत शिरले तेव्हा पाचशेच्या वर गाठी उरल्या होत्या. डबा फुलांनी सजवलेला, खिडक्यांच्या गजांना झेंडूच्या माळा. मधुबेनना मोराच्या रंगाचं पटोळं नेसवलेलं, गळ्यात हार. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. सगळ्या जणी त्यांच्याभोवती. माझ्या बाकावर मी एकटी. हवी होती तेवढी शांतता, हवा होता तेवढा उजेड, कुणी मांडीवर ताट ठेवत नव्हतं.

आणि मला एक गाठ धड बांधता येईना.

नख ठिपक्यावर जायचं आणि घसरायचं. दोरा तीनदा तुटला. पडधरी येईपर्यंत माझ्या चाळीससुद्धा झाल्या नव्हत्या. पलीकडे भाषणं चालली होती. खरं सांगते, त्यातला एक शब्द मला ऐकू येत नव्हता. मला फक्त सकाळचं माझंच वाक्य ऐकू येत होतं, पुन्हा पुन्हा. एवढे महिने मी डब्याला दोष दिला, कानात कापूस कोंबला, आणि आज कळलं की बाहेरच्या गोंगाटात मी सातशे बांधू शकते, आतल्या एका वाक्यात सात नाही.

मी उठले. गाठोडं पदरात धरून गर्दीतून वाट काढली आणि मधुबेनसमोर जाऊन उभी राहिले.

"मधुबेन, सकाळी मी फार वाईट बोलले."

"बोललीस," त्या म्हणाल्या.

"चूक माझी होती. घडी मी तपासायला हवी होती. खमण तुम्ही प्रेमानं आणलं होतं."

"ते राहू दे. झालं का तुझं?"

"नाही. साडेचारशे बाकी आहेत. आठच्या आत ओसमाणभाईंकडे पोचायचंय, नाहीतर लाभुभाभीचं दुकानातलं."

मधुबेन लाभुभाभींना ओळखतात. अख्खा डबा ओळखतो, एकदाही न भेटता. माझंही तोंड अगदीच बंद नसतं.

त्यांनी गळ्यातला हार काढून शेजारणीच्या हातात दिला. "मग इथे काय उभी राहिलीस? बस आणि बांध. आम्ही गप्प बसतो. काय गं, बसाल ना गप्प?"

"नको!" मी म्हटलं. "गप्प नका बसू. गा. गरबा गा, तीन टाळीचा. पहिल्या टाळीला मी ठिपका उचलते, दुसरीला दोरा फिरवते, तिसरीला आवळते. तुम्ही थांबलात तर माझा हात थांबेल."

मधुबेननी पदर खोचला. मग म्हणाल्या, "रसीला, आज माझा निरोप आहे की तुझ्या सुनेचं लग्न?"

"दोन्ही उरकू."

"उरकायचं काय त्यात! दोन्ही नीट करू."

मला मधल्या बाकावर बसवलं, बरोब्बर दिव्याखाली. दोघींनी दोन्ही बाजूंनी खांदे लावले, धक्का बसला तर मी हलू नये म्हणून. मधुबेन समोर. त्यांनी आवाज लावला, पहिली टाळी पडली. मी ठिपका उचलला. दुसरी. तिसरी. गाठ बसली.

सुरुवातीला टाळ्या इतक्या संथ होत्या की कोपऱ्यातली जोशीबेन म्हणाली, "हा गरबा आहे की शोकसभा?" मधुबेननी गाता गाता तिला डोळे वटारले. मग माझ्या हाताला लय सापडली तसा त्यांनी वेग वाढवला. त्या माझ्या तोंडाकडे बघत नव्हत्या, माझ्या करंगळीकडे बघत होत्या, आणि तिच्या थोडंसं पुढे राहून मला ओढत होत्या. एकतीस वर्षं टपालावर शिक्के मारलेला तो हात, ताल काय चुकणार?

हडमतियाला चौघीजणी उतरल्या आणि प्लॅटफॉर्मवरून गाडी हलेपर्यंत टाळ्या देत राहिल्या. जामवणथलीला तीन नव्या चढल्या. काय चाललंय हे न विचारताच त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या आणि टाळी धरली. एक गरबा संपून दुसरा लागायचा, मध्ये श्वासाएवढीसुद्धा फट नाही. मी कुठे आहे, गाडी कुठे आहे, काही कळत नव्हतं. वळणं आली असतील, पूल आले असतील. मला दिसत होता फक्त एक मोहरीएवढा ठिपका, मग पुढचा, मग पुढचा. असं सुख मला देवळातसुद्धा मिळालेलं नाही, आणि हे मी लाजून सांगत नाही.

हाप्याला गाडी थांबली आणि थांबूनच राहिली. पुढे मालगाडी जायची होती. सगळा डबा रोज इथे रेल्वेला शिव्या देतो. त्या दिवशी जोशीबेन खिडकीतून डोकं काढून ओरडली, "सावकाश जाऊ द्या हो! काही घाई नाही!" चेहऱ्याचे वीस ठिपके उरले होते. मधुबेनचा आवाज बसला होता, नुसता खरखर येत होता, पण टाळी तशीच, खणखणीत. साठ वर्षांची बाई सव्वा तास अखंड गात होती.

गाडी हलली. पंधरा. दहा. जामनगरच्या बाहेरचे दिवे दिसायला लागले. शेवटचे दोन ठिपके पुतळीचे डोळे. एक उचलला, फिरवला, आवळला. दुसरा उचलला, फिरवला, आवळला, आणि मी दोरा दातांनी तोडला.

"झालं!"

मग जो काही आरडाओरडा झाला तो ऐकून पोलीस डब्यात आला. त्याच्या हातात कुणीतरी पेढा ठेवला. मधुबेन मला मिठी मारून रडत होत्या, मी रडत होते, आणि मध्ये गाठोडं चेंगरू नये म्हणून दोघीही पोट आत घेऊन रडत होतो.

आठला दहा कमी असताना मी ओसमाणभाईंच्या जिन्यावर होते. त्यांनी गाठोडं घेतलं, अंगठा फिरवला. लाल रंगाच्या हंड्यातून वाफ येत होती. "रविवारी या," एवढंच म्हणाले. "मुलगा उघडून दाखवील. मी नसेन."

पण रविवारी गेलो तर ओसमाणभाई समोर उभे. "भुजला नाही गेलात?" मी विचारलं.

"दोन दिवसांनी जाईन," ते दुसरीकडे बघत म्हणाले. "काम पडलं."

माझ्याबरोबर मधुबेन होत्या. लाभुभाभीही आल्या होत्या, दुकानातल्या घरचोळ्याची पिशवी घेऊन. "वेळेला असू दे," म्हणाल्या. कापड वाळून आखडलं होतं, सगळीकडून काटेरी, बघून कुणाला साडी वाटली नसती. बांधणी उघडायची म्हणजे आडवी दोन्हीकडून धरून ताणायची. एक टोक मी धरलं, दुसरं मधुबेननी.  सात महिन्यांचे रोजचे साडेतीन तास त्या कापडात होते.

"ओढा," ओसमाणभाई म्हणाले.

ओढलं. तडतडतड करत गाठी सुटत गेल्या, दोरे अंगणात उडाले, आणि लाल रंग उलगडला. हत्ती आले, चारही पायांचे. पोपट आले चोचींसकट. एकही ठिपका फुटला नव्हता. मी किंचाळले असेन बहुधा, कारण समोरच्या गच्चीतून बायका बघायला आल्या.

ओसमाणभाई चष्मा लावून एकेक चौकोन तपासत गेले. कमळापाशी थांबले, "हे गाडीतलं." पोपटापाशी, "हेही. पण बरं बांधलंय." मग शेवटच्या पुतळीपाशी आले आणि वाकले.  घागऱ्याचे ठिपके मोजून मापून ठेवल्यासारखे सारखे, आणि दोन डोळे अगदी टक्क उघडे.

"ही मात्र गाडीतली नाही, बेन," ते म्हणाले. "ही तुम्ही घरी, दार लावून, शांत बसून बांधलीत. माझी आई अशी बांधायची. सगळं घरचोळं असं शांतपणे बांधलं असतंत तर..."

मधुबेननी पदर तोंडात कोंबला. मला हसू आवरेना. "ओसमाणभाई," मी म्हटलं, "ही पुतळी बांधली तेव्हा तीस बायका माझ्या कानाशी ओरडत होत्या. ह्या सगळ्यांत जास्त."

ते सरळ झाले. माझ्याकडे पाहिलं, मधुबेनकडे पाहिलं, पुन्हा पुतळीकडे पाहिलं. चष्मा काढला. "मग माझं नाव सांगा," ते म्हणाले. "कुणी विचारलं की रंग कुणाचा, तर सांगा ओसमाणचा."

लाभुभाभी पुढे झाल्या. त्यांनी पदराचं टोक हातात घेतलं, पुतळीवरून बोट फिरवलं, उलटं करून पाहिलं. पिशवी काखेत घट्ट धरली होती. मी म्हटलं, आता काहीतरी टोचणार. त्या माझ्या अगदी जवळ आल्या आणि ओसमाणभाईंना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाल्या:

"रसीला, धाकट्याचं माझं राहिलंय अजून. घरी बसलं की टीव्हीपुढे हातच चालत नाही गं. तुमच्या डब्यात बसायला पासच लागतो, का रोजचं तिकीट काढलं तरी चालतं?"